घासाच्या मुळावरच्या गाठी

वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त जमिनीखालचं पाणी शोधण्यावर एक सबंध अध्याय आहे, ‘दकार्गल’ नावाचा. सहाव्या शतकातला हा ज्योतिषी त्यात मातीच्या रंगावरून पाण्याची चव सांगतो. खडेमिश्रित तांबूस मातीखाली तुरट पाणी, पिंगट मातीखाली क्षाराचं, फिकट पांढुरक्या मातीखाली खारट, आणि निळसर काळ्या मातीखाली गोड. पाणी खारट किंवा कडू निघालंच, तर विहिरीत टाकायच्या औषधांची यादीही तो देतो: नागरमोथा, वाळा, आवळा, निवळीच्या बिया वगैरे.

एवढा बारकाईने पाहणारा माणूस, पण अकोल्याकडचं पूर्णेचं खोरं त्याने पाहिलेलं नसावं. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या त्या पट्ट्यातली माती महाराष्ट्रातल्या सर्वांत काळ्या आणि खोल मातींमध्ये मोडते, आणि तिच्या पोटातलं पाणी खारं आहे. साडेचार लाख हेक्टरांहून अधिक जमीन आणि आठशेच्या वर गावं. लोक त्याला खारपाणपट्टा म्हणतात. विहिरीला पाणी आहे, पण ते पिकाला द्यावं तर जमीन बिघडते आणि माणसाने प्यावं तर माणूस.

जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीत हे सांगितलं तर लोक म्हणतील, ती पूर्णा आमची नव्हे. खरंच आहे. (पुणे-सोलापूर हमरस्त्यावरची टेंभुर्णी वेगळी, मी जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीबद्दल बोलतो आहे.) त्यांच्या तालुक्यातली पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावते आणि गोदावरीला मिळते. खारपाणपट्ट्याची पूर्णा सातपुड्यातून येते आणि तापीला मिळते. नाव एकच, नद्या दोन, मधे अजिंठ्याची रांग. बुलडाण्याकडचे लोक आपल्या मुलखाचे घाटावर आणि घाटाखाली असे दोनच भाग करतात. त्या हिशेबाने टेंभुर्णी घाटावरची. घाटावर पावसाच्या पाण्याला खाली उतरायला आणि वाहून जायला बऱ्याच ठिकाणी वाट आहे. तेव्हा क्षार हा घाटाखालच्यांचा प्रश्न, असं मानून निवांत राहायला हरकत नव्हती. दावणीला दुभतं जनावर नसतं तर.

मराठवाड्यातल्या गाईला पोटभर मिळतो तो कडबा, आणि कडब्यात प्रथिनं अगदी जेमतेम. २०१२-१३ च्या दुष्काळात छावण्यांमधून जनावरांपुढे ऊस पडला. त्यात गोडवा होता, पाणी होतं, प्रथिनं नव्हती. जनावरं जगली, पण आटलेलं दूध उसावर परत येत नाही. ते येतं द्विदल चाऱ्यावर: लसूणघास, बरसीम, चवळी, शेवरी. यांतला लसूणघास एकदा पेरला की तीन-चार वर्षं राहतो, महिन्याकाठी कापणीला येतो आणि बाराही महिने पाणी पितो. सोयाबीन पावसावर निघून जातं. घासाला मात्र उन्हाळ्यातही आठ-दहा दिवसांनी पाणी लागतं, आणि उन्हाळ्यात ते बहुतेकांकडे बोअरचंच असतं. बोअर जितकं खोल, तितकं पाणी खडकात जास्त काळ मुरलेलं आणि सहसा तितकं जड. विदर्भाच्या खारपाणाला घाट चढता येत नाही, म्हणून घाटावरचा शेतकरी आपल्या खर्चाने तळातला क्षार उपसून वर आणतो.

किती आणतो, याचा हिशेब सोपा आहे आणि तो फारसा कुणी मांडत नाही. पाण्यातल्या क्षाराचं माप विद्युत वाहकतेने घेतात. मीटरला एक डेसिसायमन वाहकतेचं पाणी कुठलाही सल्लागार वापरायला सांगेल. चवीला ते ठीक लागतं. त्यात लिटरमागे साधारण ६४० मिलिग्रॅम क्षार असतात. एक एकर घासाला पाच सेंटीमीटरचं एक पाणी दिलं, म्हणजे दोन लाख लिटर. त्याबरोबर जमिनीत गेले १३० किलो क्षार, म्हणजे पन्नास किलोच्या अडीच गोण्या, एका पाण्याला. वर्षाला अशी पंचवीस पाणी धरा, तर एकरी सव्वातीन टन. पाणी उन्हाने आणि पानांनी उडून जातं, क्षार मागे राहतात. थोडे चुन्याच्या रूपात खाली बसतात, थोडे चाऱ्याबरोबर गोठ्यात जातात, बाकीच्यांना पावसाने धुवून खाली नेलं तर बरं. पाऊस कमी झाला किंवा खाली कठीण थर लागला, तर ते मुळांपाशीच राहतात.

आता घास किती सोसतो ते पाहू. कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडला अमेरिकन सरकारची क्षार प्रयोगशाळा आहे. तिथल्या मास आणि हॉफमन या दोघांनी १९७७ साली पिकवार सोसण्याचा तक्ता छापला. मातीच्या संपृक्त अर्काची वाहकता २ डेसिसायमन होईपर्यंत लसूणघास कुरकुरत नाही. पुढे प्रत्येक डेसिसायमनला उत्पादन सात टक्क्यांच्या आसपास घटतं आणि ८.८ ला ते निम्मं होतं. बरसीम दीडपासूनच उतरू लागतो. चाऱ्याची चवळी अडीचपर्यंत तग धरते आणि मग धडाधड कोसळते, दर डेसिसायमनला अकरा टक्के. कापूस ७.७ पर्यंत ढिम्म हलत नाही, आणि सातूचा आकडा आठ. तक्ता पाहिला की लक्षात येतं, जनावराच्या पोटाला जे सर्वांत हितकर, तेच क्षारापुढे सर्वांत नाजूक. हे आकडे साध्या क्षारांचे आहेत. आपल्या चोपण काळ्या जमिनीत ते जसेच्या तसे लागू होत नाहीत, तिथे गणित आणखी वाईट असतं.

क्षार झाडाला नेमकं काय करतो, याची मांडणी राना मुन्स या ऑस्ट्रेलियन संशोधक बाईंनी फार नेटकी केली आहे. त्यांच्या मते मार दोनदा बसतो. पहिला लगेच: मातीतल्या पाण्यात क्षार विरघळला की ते पाणी मुळाला ओढून घेणं जड जातं. जमीन ओली दिसते आणि झाड तहानलेलं असतं. दुसरा मार आठवड्यांनी बसतो, सोडियम आणि क्लोराइड पानांत साठत जाऊन पेशींना विष होतात तेव्हा. झाडाकडे यावर उपाय आहेत. मुळाशी आलेला सोडियम पुन्हा बाहेर ढकलणं हा एक. आत आलाच तर माळ्यावर अडगळ टाकावी तसा पेशीच्या रसकोशात नेऊन कोंडणं हा दुसरा. कोंडण्याचं काम करणाऱ्या प्रथिनाचं जनुक १९९९ साली एका छोट्या प्रायोगिक रोपात वाढवून दाखवलं गेलं, रोप खाऱ्या पाण्यावर वाढलं, आणि तेव्हापासून क्षार सोसणारं बियाणं आता आलंच, असं जग म्हणत आलं आहे.

इथे चाऱ्याचं पीक धान्याच्या पिकापासून वेगळं पडतं, आणि माझ्या मते हाच या विषयातला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा आहे. सातू आपला नको असलेला सोडियम जुन्या पानांत लोटतो, ती पानं करपू देतो आणि कणीस भरून मोकळा होतो. आपल्याला कणीस हवं असतं. पानं गेली तर गेली. लसूणघासात पानच तर पीक. झाडाने ज्या पानावर संकट लोटलं तेच पान विळ्याखाली येतं, आणि मग एकतर ते गळून गेलेलं असतं किंवा खारट होऊन गाईच्या पोटात जातं. शिवाय सोडियम बाहेर ढकलायला आणि कोंडायला ऊर्जा लागते, ती पानांनी केलेल्या साखरेतूनच येते. सोसणारं झाड जगतं खरं, पण वाढायला त्याच्याकडे उरत नाही. धान्यवाल्याला सोसणं परवडेल. दूधवाल्याला सोसणारा घास म्हणजे हिरवा दिसणारा आणि विळ्याला न लागणारा घास.

त्याच साखरेवर आणखी एक जीव हक्क सांगत असतो. द्विदलाच्या मुळावर गाठी असतात आणि गाठींत जिवाणू राहतात. ते हवेतला नत्र पकडून झाडाला देतात, आणि झाड त्यांना साखर पुरवतं. बेयरिंक या डच शास्त्रज्ञाने हे जिवाणू १८८८ साली वेगळे करून दाखवले. हा व्यवहार मुळात फार हळुवार असतो: मूळ एक रासायनिक हाक देतं, जिवाणू उत्तर देतो, मुळाचा केस आकड्यासारखा वळतो आणि जिवाणूला आत घेतो. खाऱ्या मातीत मुळाचे केस आखूड होतात, वळत नाहीत. गाठी कमी धरतात, धरल्या तर बारीक राहतात. नवल असं की जिवाणू एकटा असताना कितीतरी खंबीर असतो. लसूणघासाच्या जिवाणूचे काही वाण घासाला झेपणार नाही एवढ्या मिठातही वाढतात. झाडही एका मर्यादेपर्यंत निभावून नेतं. आधी मोडतं ते दोघांमधलं नातं. म्हणून खारावू लागलेल्या रानात घास आधी वाळत नाही, आधी पिवळा पडतो. शेतकरी युरिया टाकतो, घास पुन्हा हिरवा दिसतो, आणि गाठी मेल्याची बातमी दडून राहते. युरियावर उभा असलेला घास द्विदल उरत नाही. तो महाग पडणारं साधं गवत होतो.

दक्षिण ऑस्ट्रेलियात याची एक बोलकी कहाणी घडली. तिथल्या खारवट आणि पाणथळ रानांसाठी संशोधकांनी भूमध्य समुद्राकाठची एक रानमेथी निवडली, मेसिना नावाची. पहिल्या वर्षी ती छान आली. दुसऱ्या वर्षी तिच्याच पडलेल्या बियांतून उगवलेली रोपं पिवळी पडून बसली. बियाण्यात खोट नव्हती. उन्हाळ्यात मातीचा वरचा थर इतका खारा होई की पेरलेले जिवाणू मरून जात, आणि नव्या रोपाला जोडीदारच मिळत नसे. मग उन्हाळा काढू शकेल असा जिवाणू शोधण्यात वर्षं गेली. तो सापडल्यावरच, २०१७ साली, बियाणं आणि जिवाणू ही जोडी म्हणून तो वाण बाजारात आला. सोसणारं बी आपल्याकडेही शोधलं जातं. त्याच्या जोडीला जिवाणू हवा, ही अट मात्र क्वचितच घातली जाते.

आणि द्विदलाच्या बाबतीत प्रश्न उलटाही होतो. आपण विचारतो, द्विदलाला क्षार सोसायला कशी मदत करावी? इतिहासात बऱ्याचदा द्विदलानेच जमिनीला मदत केलेली दिसते. जेकबसेन आणि अ‍ॅडम्स यांनी १९५८ साली मेसोपोटेमियावर एक निबंध लिहिला, तो गाजला सुमेरच्या ऱ्हासासाठी: इसवी सनापूर्वी ३५०० च्या सुमाराला गहू आणि सातू बरोबरीने पिकत, आणि १७०० पर्यंत दक्षिणेतला गहू जवळपास नाहीसा झाला. ऱ्हासाची गोष्ट सगळे सांगतात. त्याच निबंधातला दुसरा भाग कुणी सांगत नाही. इराकी शेतकरी एक वर्ष पीक घेत आणि एक वर्ष रान पडीक ठेवत. पडीक रानात शोक आणि अगूल ही दोन काटेरी झुडपं माजू देत. त्यांची खोल मुळं खालचा ओलावा शोषून घेत, खारं पाणी वर चढत नसे. शोक आपल्या शमीच्या कुळातला, आणि अगूल म्हणजे आपला जवासा. दोन्ही द्विदल, दोन्ही उंट-शेळ्यांचा चारा. ऑस्ट्रेलियात गव्हाच्या मुलखात जंगल तोडल्यावर खारं पाणी वर आलं, तेव्हा त्याला खाली ढकलायला लसूणघासच पेरला गेला.

आपल्या काळ्या मातीत ही मदत आणखी वेगळ्या वाटेने होते. पूर्णाखोऱ्यातली जमीन का बिघडली, याचा नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण संस्थेत डी. के. पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छडा लावला. कमी पावसाच्या मुलखात मातीतलं कॅल्शियम चुनखडी होऊन बसतं. ते गेलं की मातीच्या कणांवर त्याच्या जागी सोडियम बसतो, कण सुटे होतात, माती फुगून बंद होते आणि पाणी खाली उतरेनासं होतं. पुस्तकांत चोपण जमिनीची व्याख्या पंधरा टक्के सोडियमला सुरू होते. या लोकांनी दाखवलं की आपल्या काळ्या जमिनीत पाच टक्क्यांनाच नुकसान सुरू होतं. औषधही जमिनीतच आहे: चुनखडीत कोंडलेलं कॅल्शियम. ते सोडवायला थोडं आम्ल लागतं. धैंचा या हिरवळीच्या खताच्या द्विदलाची मुळं श्वास सोडतात तेव्हा मातीतल्या पाण्यात कर्बाम्ल तयार होतं आणि चुना विरघळू लागतो. त्याशिवाय जे द्विदल हवेतून नत्र घेतं, त्याचं मूळ सभोवती आम्ल सोडत राहतं. युरियावर जगणाऱ्या झाडाचं मूळ हे काम तेवढं करत नाही. गाठी जिवंत असतील तर चुना उघडतो, कॅल्शियम सुटतं, सोडियमला हटवतं, आणि पावसाला त्याला खाली न्यायला वाट मिळते. वाट नसेल तर सुटलेला सोडियम तिथेच घोटाळतो.

वाट, म्हणजे निचरा. हे आपल्याला शंभराहून अधिक वर्षं माहीत आहे. नीरेचा डावा कालवा १८८५ साली वाहू लागला. १९१० साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांना नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर पुस्तिका लिहावी लागली. पंचवीस वर्षांत पाण्याने जमीन खाल्ली. आज राज्यात सहा लाख हेक्टरांहून अधिक जमीन खारवट किंवा चोपण म्हणून नोंदलेली आहे. मॅननंतर कालवे वाढत गेले, जायकवाडीचं पाणी जालन्याच्या अंबड-घनसावंगीपर्यंत आलं. चर मात्र त्या वेगाने निघाले नाहीत. कालव्याच्या उद्घाटनाला मंत्री येतो. चराच्या उद्घाटनाला आलेला मी तरी ऐकला नाही.

आणि इथे जालन्याचा स्वभाव आड येतो. हा बियाण्यांचा जिल्हा. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली, १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बदनापूरच्या संशोधन केंद्राने मराठवाड्याला तुरीचे वाण दिले. अशा जिल्ह्यातल्या माणसाला कुठलंही कोडं बियाण्याच्या पिशवीत सुटेल असं वाटणं साहजिक आहे, आणि अनेक कोडी तशी सुटलीही. क्षाराचं सुटणार नाही. मर रोग न येणारी तूर पेरली की रोगाचा प्रश्न मिटतो. मीठ सोसणारा घास पेरला की मीठ मिटत नाही, वर्षाला सव्वातीन टन येतच राहतं. सोसणारा वाण आपल्याला आणखी काही वर्षं तेच पाणी देत राहण्याची मुभा देतो. त्या वर्षांत चर निघाले तर वाणाचे उपकार. नाही निघाले तर त्याने बिघाड लांबवला आणि खोलवर नेला, इतकंच. ज्याला सोसता येतं त्याच्यावर आणखी लादायचं, ही आपली जुनी सवय आहे, घरात आणि गावात. ती शेतात नेऊ नये.

म्हणून माझ्या लेखी क्रम असा आहे: आधी निचऱ्याचा चर आणि माती-पाण्याच्या तपासणीवरून गरज असेल तितकं जिप्सम, मग एक पावसाळा धैंचा, मग जिवाणू, आणि सर्वांत शेवटी बियाणं. राहुरीचा आरएल-८८ सुद्धा या क्रमाने चांगला चालेल. जिवाणूचं पाकीट मात्र लसूणघासाचंच हवं. आपल्याकडे दुकानात सहज मिळतं ते सोयाबीनचं, आणि त्याने घासाला गाठी येत नाहीत. उगवणीचे दिवस सर्वांत नाजूक, तेव्हा पहिली दोन पाणी शेततळ्याची द्यावीत, बोअरचं नंतर. सरीवर पेरायचं तर माथ्यावर पेरू नये, क्षार माथ्यावर चढून बसतो, बगलेला पेरावं. ठिबक असेल तर हलक्या पावसात ते बंद करू नये, चालूच ठेवावं. नाहीतर ओलाव्याच्या कडेला जमलेला क्षार पावसाच्या चार थेंबांबरोबर थेट मुळांवर येतो. सल्ला विचित्र वाटतो, पण बरोबर आहे.

उभ्या घासाची परीक्षा घरच्या घरी होते. ओल असताना एक रोप खुरप्याने मुळासकट काढावं, झटकू नये, पाण्यात धुवावं, आणि गाठ नखाने चिरावी. आत गुलाबी दिसलं तर ती काम करते आहे. पांढरी किंवा हिरवट दिसली, तर युरियाचं पोतं सोडण्याआधी पाण्याकडे पाहायला हवं.

घासाची पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते आणि बहुतेक लोक पाणी तपासतात तेही त्याच सुमाराला, पावसाने विहिरी भरलेल्या असताना. टेंभुर्णीत आणि आसपासच्या गावांत येत्या हिवाळ्यात कुणी घास लावणार असेल, तर त्याने आपल्या बोअरच्या पाण्याची बाटली मे महिन्यातच भरावी आणि जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत द्यावी. घासाला वर्षातलं सर्वांत जास्त पाणी त्याच दिवसांत लागतं आणि पाण्यात सर्वांत जास्त क्षार त्याच दिवसांत असतो.